वॉरंटी संपून ९ दिवस झाले, तरी कंपनी एक पैसा का सोडत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वॉशिंग मशीनची दोन वर्षांची वॉरंटी संपून ९ दिवस झाले आणि पीसीबी, म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, गेला. घरात फ्रीज त्याच कंपनीचा, टीव्ही त्याच कंपनीचा, याआधीचं मशीनपण त्यांचंच. तरी कस्टमर केअरवाली "सर, सिस्टिममध्ये वॉरंटी एक्स्पायर्ड दाखवतंय" याच्यापुढे सरकत नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला चार-पाच हजारांनी काय फरक पडतो, आणि एकूणच कंपन्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत इतका हात आखडता का घेतात?

मी याच धंद्यात केस पांढरे केलेत. आधी सर्व्हिस सेंटरला, मग कंपनीच्या बाजूने एरिया बघायला, म्हणजे फ्रीज, वॉशिंग मशीन, एसी यांच्या तक्रारी, पार्ट्स, टेक्निशियन, रागावलेली गिऱ्हाइकं आणि दर महिन्याचं ते रिव्ह्यूचं एक्सेल. त्यामुळे जे सांगतोय ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूचं आहे. कंपनीची बाजू घेतोय असं समजू नका, पण "सगळे चोर आहेत" म्हणून विषय संपत नाही, कारण आत बसलेली बहुतेक माणसं तुमच्या-आमच्यासारखीच असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तुमचं काम फुकटात करून द्यायचंही असतं.

मग होत का नाही? भाजीवालीकडे बघा. दोनशेची भाजी घेतली की ती न मागता कोथिंबिरीच्या चार काड्या आणि दोन मिरच्या वर टाकते. ती कोथिंबीर तिची स्वतःची असते, द्यायची की नाही ते तीच ठरवते, कोणाला विचारावं लागत नाही, आणि तुम्ही परवा परत येणार हे तिला तुमच्या तोंडाकडे बघून कळतं. माल तिचा, निर्णय तिचा, ओळख तिची, तिन्ही गोष्टी एकाच माणसात. कंपनी म्हणजे या तिन्ही गोष्टी मुद्दाम वेगवेगळ्या माणसांकडे दिलेली व्यवस्था. पैसे शेअरहोल्डरचे, निर्णय फायनान्सचा, आणि तुमचं रडगाणं ऐकणारी पोरगी भलत्याच कुठल्यातरी बीपीओच्या पगारावर, जिला तुमचं मशीन काय, कंपनीचं ऑफिससुद्धा कधी दिसलेलं नसतं. तिच्या स्क्रीनवर "माफ करा" असं बटणच नाहीये. ती तुम्हाला नाही म्हणत नसते, तिच्याकडे हो म्हणायचा पर्याय नसतो.

त्याच्या वरच्या पायरीवर असतो एरिया मॅनेजर. याला थोडा अधिकार असतो, आमच्याकडे त्याला गुडविल म्हणतात. म्हणजे वॉरंटीबाहेरच्या केसमध्ये पार्टवर काही टक्के सूट द्यायची परवानगी. आता ऐकायला बरं वाटतं पण प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. एका रिटायर्ड शिक्षकांची केस होती, वॉरंटी नुकतीच संपलेली, मशीन आरशासारखं ठेवलेलं, बिल प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. मी मेल टाकला, पार्ट फुकट द्यावा म्हणून. तो ब्रांचला गेला, तिथून रीजनला, तिथून फायनान्सला, आणि चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर: "प्लीज शेअर जस्टिफिकेशन." आता काय जस्टिफिकेशन देणार? माणूस सज्जन आहे, मशीन नीट वापरलंय, हे एक्सेलच्या कुठल्या कॉलममध्ये लिहायचं? शेवटी पार्टवर ५० टक्के सूट मिळाली, लेबर चार्ज पूर्ण, आणि सरांना वाटलं मीच काहीतरी मध्ये खाल्लं.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. नाही म्हटल्याबद्दल माझ्या अख्ख्या नोकरीत मला कोणी मेमो दिला नाही. हो म्हटल्याबद्दल मात्र ऑडिटमध्ये प्रश्न यायचे. ही केस का, त्याच पिनकोडमधली दुसरी का नाही, गिऱ्हाईक तुमच्या ओळखीचं होतं का. अशा ठिकाणी माणूस दोन-तीन वर्षांत शहाणा होतो आणि आपोआप नाही म्हणायला लागतो, कोणी शिकवावं लागत नाही. कंपनीच्या पैशाने मोठं मन दाखवणं म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, हे हलवायालाही माहीत असतं म्हणून तो दाराशी वॉचमन बसवतो.

आणि तो वॉचमन उगीच नसतो हेही खरं. सर्व्हिस सेंटर बहुतेक ठिकाणी कंपनीचं नसतं, फ्रँचायझी असते. वॉरंटीतला कॉल असेल तर कंपनी त्याला ठरलेला लेबर रेट देते, वॉरंटीबाहेरचा असेल तर गिऱ्हाइकाकडून घ्यायचे. आता गुडविलची खिडकी उघडली की काय होतं? टेक्निशियन तुमच्याकडे येऊन म्हणतो, "साहेब, नवीन पार्टचे साडेचार हजार होतात, पण मी वरती बोलून दीड हजारात करून देतो, बिल मागू नका." ते दीड हजार त्याच्या खिशात, आणि कंपनीकडे ती केस गुडविल म्हणून बुक, पार्ट फुकट, वर लेबरचा क्लेमपण. हे मी स्वतः पकडलेलं आहे आणि एकदा नाही. म्हणून मग सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो आला, खराब पार्ट परत पाठवल्याशिवाय क्लेम पास नाही हे आलं, कॉल बंद करायला गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर ओटीपी आला. तुम्हाला ज्या गोष्टींचा वैताग येतो त्यातल्या निम्म्या गोष्टी तुमच्यावर अविश्वास म्हणून नाहीत, आमच्याच माणसांवर अविश्वास म्हणून आहेत. ओल्याबरोबर सुकं जळतं त्यातला प्रकार, फक्त इथे सुकं म्हणजे तुम्ही.

मग ते ९ दिवस. तुम्ही म्हणाल ९ दिवसांनी काय होतं. मान्य. पण ९ ला दिलं की १५ वाला येतो, १५ ला दिलं की महिनावाला, आणि तो तर घसा फोडून सांगतो की माझ्या सोसायटीत अमक्याला दिलंत. पण हा सगळ्यात मोठा अडथळा नाही, बऱ्याच कंपन्या आतल्या आत थोडे दिवस ग्रेस धरतात, फक्त ते बाहेर सांगत नाहीत. खरा अडथळा वेगळा आहे आणि तो कोणी तोंडाने कबूल करणार नाही. तुम्हाला वॉरंटी संपायच्या आधी महिनाभर फोन येत होते की नाही, एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) घ्या म्हणून? ते विकणं हा आता सर्व्हिस डिपार्टमेंटचा टार्गेटचा भाग आहे, मोठं उत्पन्न आहे ते. वॉरंटी संपल्यावर कंपनी सहज सोडून देते असा नुसता बभ्रा झाला तरी एक्स्टेंडेड वॉरंटी कोण घेणार? ज्याने पैसे मोजून घेतली तो म्हणेल मी काय मूर्ख होतो. म्हणजे तुमच्यावर केलेली दया कंपनीच्याच दुसऱ्या प्रॉडक्टच्या पोटावर पाय आणते. शिवाय स्पेअर्सवरचं मार्जिन नव्या मशीनवरच्या मार्जिनपेक्षा बरंच बरं असतं. शोरूममध्ये पाच ब्रँड शेजारी शेजारी मांडलेले असतात, तिथे भावाची मारामारी, पण पीसीबी मात्र एकाच ठिकाणी मिळतो.

अजून एक खुळचट भांडण आहे, हिशोबाचं. तुम्हाला फुकट पार्ट दिला तर खर्च सर्व्हिसच्या नावावर पडतो. तुम्ही खूश होऊन पुढचा फ्रीज त्याच कंपनीचा घेतला तर विक्री सेल्सच्या नावावर पडते. आणि तो फ्रीज तुम्ही घेणार दहा वर्षांनी, तोपर्यंत ज्याने तुम्हाला सूट दिली तो एरिया मॅनेजर तीन कंपन्या बदलून झालेला असतो. तुमचे चार हजार या महिन्याच्या रिव्ह्यूमध्ये लाल रंगात दिसतात आणि तुमची निष्ठा कुठेच दिसत नाही, खरंच कुठेच नाही, कारण आधीचं मशीन तुम्ही काकांच्या नावावर दुसऱ्या मोबाईल नंबरने घेतलेलं असतं, टीव्ही सेलमध्ये ऑनलाइन घेतलेला असतो, आणि आमच्या सिस्टिमला तुम्ही कालच जन्मलेले वाटता.

जीएसटीचं पण सांगतो, कारण हे बाहेर कोणाला माहीत नसतं. वॉरंटीमध्ये पार्ट फुकट बदलला तर कर कसा धरायचा याचं २०२३ चं सर्क्युलर आहे, प्रश्न मिटलेला आहे. पण वॉरंटीबाहेर नुसतं मन मोठं करून दिला, तर अकाउंट्सवाला लगेच विचारतो हे गिफ्ट का, आणि गिफ्ट असेल तर त्याच्यावरचं इनपुट क्रेडिट (पार्ट घेताना भरलेल्या कराची वजावट) सोडायचं का. त्या बिचाऱ्यालाही डोकेदुखी नको असते. म्हणून तुम्हाला "फुकट" कधी मिळत नाही, मिळाली तर "सूट" मिळते. बिल बनतं, टॅक्स लागतो, सगळे सुखी. आणखी गंमत म्हणजे मोठ्या कंपन्यांना कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली गेल्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजकार्यावर, खर्च करावाच लागतो, पण रोजच्या धंद्याच्या ओघात केलेलं त्यात धरत नाहीत. म्हणजे गावात तळं खोदलं तर ते पुण्य खात्यावर जमा होतं, सरांच्या मशीनचा पीसीबी दिला तर तो नुसता तोटा.

आता कोणी म्हणेल मालकच दिलदार असला तर? इतिहासात मालकाने मोठं मन दाखवल्याची एक केस आहे, अमेरिकेतल्या फोर्ड मोटार कंपनीची. १९१४ मध्ये हेन्री फोर्डने जाहीर केलं की ऑगस्ट १९१४ ते ऑगस्ट १९१५ या वर्षात ३ लाखांच्या वर मॉडेल टी गाड्या विकल्या गेल्या तर प्रत्येक गिऱ्हाइकाला काही पैसे परत. विकल्या गेल्या, आणि प्रत्येकाला खरोखर ५० डॉलर परत दिले. त्या वेळचे ५० डॉलर, गाडीचीच किंमत पाचशे डॉलरच्या आत-बाहेर. पण यात मेख बघा, अट अशी होती की जास्त विक्री झाली तरच. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाईक शेजाऱ्याला गाडी घ्यायला लावणार. पुढे त्याने गाडीच्या किमती अजून उतरवायच्या आणि शेअरहोल्डरना जादा डिव्हिडंड द्यायचा नाही असं ठरवलं, तर डॉज बंधू कोर्टात गेले. ते फोर्डमध्ये शेअरहोल्डर होते आणि स्वतःच्या गाड्याही काढायला लागले होते, त्यामुळे फोर्डला त्यांच्या हातात पैसा जाऊ द्यायचा नव्हता हेही त्यात होतं. १९१९ मध्ये मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनी ही मुख्यतः शेअरहोल्डरच्या नफ्यासाठी चालवायची असते, आणि १ कोटी ९० लाख डॉलरच्या वर डिव्हिडंड वाटायला लावला. वकील लोक आजही या निकालावर वाद घालतात, पण बोर्डरूममध्ये त्याचा वास अजून येतो. दिलदारी करायची असेल तर ती धंद्याच्या फायद्याची आहे असं कागदावर लिहून ठेवा, नाहीतर कोणीतरी विचारेल.

आणि आजच्या काळातली कोथिंबिरीची गोष्टही झालीच. मे २०२४ मध्ये मुंबईतल्या एकाने ट्विट केलं की ब्लिंकिटवर कोथिंबिरीचे पैसे द्यावे लागले म्हणून आईला झटका बसला, भाजीबरोबर फुकट द्या असं तिचं म्हणणं आहे. कंपनीच्या प्रमुखाने उत्तर दिलं, आणि थोड्याच वेळात ॲपमध्ये भाजीच्या ऑर्डरवर कोथिंबीर फुकट सुरू. सगळीकडे बातम्या. मला वाईट नाही वाटत, चांगलंच केलं. पण आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. ते करायला कंपनीच्या सगळ्यात वरच्या माणसाला, ज्याला कोणाचं अप्रूव्हल लागत नाही त्याला, यावं लागलं, तेही चारचौघांत विचारलं म्हणून. आणि झालं काय तर एक फीचर झालं, अमुक ऑर्डर असेल तर. त्या आईला ओळखून कोणी कोथिंबीर टाकली नाही. तशी सोय कुठल्याच ॲपमध्ये करता येत नाही.

कंपनीकडे द्यायला पैसे नसतात असं नाही हं. पैसे असतात, फक्त ते दोन जागी जातात. एक, जो अजून गिऱ्हाईक झालेला नाही त्याच्यावर. एक्स्चेंज बोनस, कॅशबॅक, फेस्टिव्हल ऑफर, हे सगळं नव्यासाठी. जुना कुठे जातोय, तो आहेच. मोबाईलवाल्यांकडे बघा, नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय जानेवारी २०११ मध्ये देशभर आली, आणि तेव्हापासून १९०० वर पोर्टचा एसएमएस टाकला की अचानक आठवण येते, "सर, तुमच्यासाठी स्पेशल प्लॅन आहे." आदल्या दिवसापर्यंत तो प्लॅन कुठे होता?

दुसरी जागा म्हणजे ओरडणारा. सोशल मीडियावर ज्याच्या पोस्टला शेअर मिळाले, ज्याने वकिलाची नोटीस पाठवली, ज्याचा मेव्हणा पत्रकार आहे. आमच्याकडे एस्कलेशन म्हणून वेगळी यादी असायची, एमडी ऑफिसला आलेले मेल, ट्विटर, कन्झ्युमर कोर्ट. त्या यादीतल्या केसला जस्टिफिकेशन कोणी मागायचं नाही. जो चार हजारांचा पार्ट सरांना फुकट मिळाला नाही तोच दुसऱ्या दिवशी एका तोंडाळ माणसाला मिळायचा, वर माणूस पाठवून सॉरी. मला याची खरंच चीड यायची. गरीब बिचारं गप्प बसणारं गिऱ्हाईक हेच सगळ्यांचं पोट भरतं. हे फक्त आमच्या धंद्यात नाही. २०१७ च्या एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत एकट्या स्टेट बँकेने खात्यात मिनिमम बॅलन्स नाही म्हणून १,७७१ कोटी रुपये कापले होते. ज्यांच्या खात्यात पैसे नाहीत त्यांच्याच खात्यातून. पुढे आरडाओरडा झाला, दंड कमी केला, आणि मार्च २०२० मध्ये तो काढून टाकला.

म्हणून माझं स्पष्ट मत असं झालंय की कंपनीकडून दिलदारीची अपेक्षाच करू नये, नियमाची करावी. जिथे गिऱ्हाइकाला बरी वागणूक मिळते ना, तिथे मागे जाऊन बघा, बहुतेक वेळा कोणीतरी नियम केलेला सापडेल. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तर ५ दिवसांत परत आणि त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये, हे रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं सर्क्युलर. कर्ज फिटल्यावर घराचे कागद ३० दिवसांत नाही दिले तर दिवसाला ५,००० रुपये, २०२३ चं. आधी हेच कागद मिळवायला लोक महिनोन्महिने ब्रांचच्या पायऱ्या झिजवायचे, तेव्हा बँकेत काय वाईट माणसं होती आणि आता चांगली आली असं थोडंच आहे? नियम आला की एकट्या कंपनीचं नुकसान होत नाही, सगळ्यांनाच द्यावं लागतं, फायनान्सवाला आधीच तरतूद करून ठेवतो, आणि खालच्या माणसाला हो म्हणायची भीती राहत नाही. उलट नाही म्हटलं तर मेमो मिळतो. एवढाच फरक आहे.

लहान धंद्यात किंवा मालक स्वतः गल्ल्यावर बसतो तिथे अजून चालतं थोडंफार. गावाकडचा इलेक्ट्रॉनिक्सचा दुकानदार ओळखीच्या घरी दिवाळीच्या आदल्या दिवशी स्टॉकमधलं मशीन तात्पुरतं वापरायला देतो, हे मी बघितलंय. कंपनीला कळलं तर डीलरशिपवर प्रश्न येईल, पण तो देतो. त्याचं गिऱ्हाईक त्याला लग्नात भेटणार असतं.

आता तुमच्या पीसीबीचं. कस्टमर केअरच्या मुलीवर ओरडू नका, उपयोग शून्य. कंप्लेंट नंबर घ्या, आणि एरिया सर्व्हिस मॅनेजरचा कॉल मागा, नाही दिला तर कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारणाचा मेल आयडी असतो त्यावर लिहा. "फुकट करून द्या" असं लिहू नका, वर सांगितलं तसं फुकट देणं त्यांनाच जड जातं, "पार्ट गुडविलमध्ये द्या, लेबर मी भरतो" असं लिहा, ही भाषा आतल्या माणसाला लगेच कळते आणि त्याला पुढे पाठवायला सोपी जाते. वॉरंटीत असताना याच मशीनची कधी तक्रार नोंदवली असेल, एरर कोड आला होता, मध्येच बंद पडत होतं, काहीही, तर तो जुना कंप्लेंट नंबर शोधा आणि पहिल्या ओळीत टाका. "वॉरंटीतच सुरू झालेला प्रॉब्लेम" ही एकच गोष्ट अशी आहे की ज्याला जस्टिफिकेशनच्या कॉलममध्ये जागा आहे. बिल जोडा, सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो जोडा. घरातले बाकीचे त्यांचे प्रॉडक्टपण लिहा, सिरियल नंबरसकट, नुसतं "मी जुना ग्राहक" म्हणून नाही.

आठवडाभरात काही हललं नाही तर नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथून तक्रार कंपनीने त्यासाठी नेमलेल्या (नोडल) माणसाकडे जाते आणि ती त्या एस्कलेशनच्या यादीत येते, जिचं मी वर सांगितलं. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, ५ लाखांपर्यंत मोजलेल्या वस्तूसाठी फी लागत नाही, मुदत २ वर्षांची, पण खरं सांगायचं तर वॉरंटी संपलेल्या एका पीसीबीसाठी मी तिकडे जाणार नाही, मूळ बनावटीतच दोष आहे असं दाखवता येत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि शेवटी पैसे भरूनच बदलावा लागला तर पक्कं बिल घ्या, नव्या पार्टवर किती महिन्यांची वॉरंटी आहे ते जॉब शीटवर लिहून घ्या, आणि काम बघून, मशीन एक पूर्ण सायकल चालवून, मगच तो ओटीपी सांगा. टेक्निशियन दारात उभा राहून "सर, आधी ओटीपी द्या, मला पुढचा कॉल आहे" म्हणेल. म्हणू दे.